इन्क्युबेटरवरची हिरवी पुडी

सोमवारी सकाळी तांग मिन-यूने प्रयोगशाळेचं दार ढकललं, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय. वरच्या इन्क्युबेटरचा लाल दिवा लुकलुकत होता. पेशी सांभाळायच्या त्या कपाटात दोन गोष्टी लागतात, अंगाइतकी ऊब आणि थोडा कार्बन डायॉक्साइड. ऊब होती. वायूच्या जागी मात्र शून्य होतं. तिने बाहेरचं दार उघडलं, आतलं काचेचं उघडलं. बशांमधला नारिंगी-लाल द्रव जांभळट गुलाबी झाला होता. एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर पेशी तळ सोडून वर तरंगत होत्या. सगळ्या मेलेल्या. अख्ख्या सत्राची मेहनत होती ती, आणि शुक्रवारी प्रदर्शन होतं.

ताइनानच्या त्या विद्यापीठात मिन-यू बायोइंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हे नक्की काय शिक्षण आहे, ते तिच्या घरी अजून कुणाला कळलेलं नव्हतं. बाबांचं माशाच्या पेजेचं दुकान. पहाटेपासून चुलीपुढे उभं राहून त्यांचे गुडघे गेलेले. नववर्षाला काकू विचारायची, डॉक्टर होणार का? नाही. मग इंजिनियर, चिपच्या कारखान्यात? तेही नाही. "म्हणजे धड ना हे, धड ना ते," असं म्हणून काकू तिच्या वाटीत आणखी एक तुकडा वाढायची. गुडघ्यात बसवता येईल अशी कूर्चा आम्ही बशीत वाढवतो, असं मिन-यूने एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून बाबा गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते की आमची पोरगी माझ्यासाठी नवा गुडघा शिजवतेय.

पोरगी हुशार होती, हाताची पक्की होती, पण मोठ्या माणसांपुढे तोंड उघडायचं म्हटलं की मिठाची गुळणी धरून बसायची. वर्गात सरांनी फळ्यावर चुकीचा आकडा लिहिला तर ही वहीत बरोबर लिहायची आणि गप्प राहायची. त्याचं घरी आणि शाळेत नेहमी कौतुकच झालं होतं, म्हणून हा दोष असू शकतो हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तिचा प्रकल्पातला जोडीदार को बो-रुई. त्याला सगळे आ-रुई म्हणत. मनाने सोनं, कामात वेंधळा. काल रविवारी पेशींना नवा द्रव घालायची पाळी त्याची होती, म्हणजे आता संशय कुणावर येणार ते सांगायला ज्योतिषी नको होता. त्यात त्याची एक जुनी भानगड होती. त्या प्रयोगशाळेत प्रत्येक यंत्रावर मक्याच्या कुरकुरीत खाऊची हिरवी पुडी ठेवलेली असायची. पुडीवरचं नावच 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं. बँकेत, इस्पितळात, कारखान्यात, जिथे म्हणून यंत्र बंद पडून चालत नाही तिथे ती असतेच. पुडी हिरवीच हवी, पिवळी ठेवली तर यंत्र अडून बसतं. तारीख उलटलेली चालत नाही. आणि कामावर असलेली पुडी खायची नाही. आ-रुईने दुसऱ्या वर्षाला असताना भुकेच्या भरात एक फोडून खाल्ली होती, आणि त्याच आठवड्यात पेशी गाळायचं यंत्र जळालं. तेव्हापासून दिवा गेला तरी लोक आधी त्याच्याकडे बघत.

त्याने मागच्या महिन्यात एका बाटलीचं झाकण उघडं टाकलं होतं. तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, श्याओ सरांनी, शांतपणे बजावलं होतं की आणखी एक चूक झाली की प्रकल्पातून नाव काढीन. नाव गेलं की पदवी लांबली. आ-रुईचं एक वर्ष आधीच वाया गेलेलं, आणि दुसरं वाया गेलं तर परत ये, असं आजोबांनी त्याला सांगून ठेवलं होतं. परत म्हणजे गावी, समुद्रातल्या कालवांच्या शेतीवर, जन्मभरासाठी.

मिन-यूने बशा ठेवल्या आणि स्टूल ओढून वर चढली. दोन इन्क्युबेटर एकावर एक रचलेले असल्यामुळे मागची बाजू खालून दिसत नसे. वायूची बारीक नळी निसटून लोंबत होती. नळीवर, भिंत आणि कपाटाच्या फटीत, जुनी हिरवी पुडी अडकून पडली होती. आणि कपाटाच्या माथ्यावर, नेमकी मधोमध, नवी कोरी पुडी बसलेली होती.

ती स्टुलावरच थांबली. काल दुपारी सरांचा फोन आला होता. हे तेच सर, जे पुड्यांवरून वर्गात टिंगल करायचे, इंजिनियर झालात की देवऋषी, असं विचारायचे. काल मात्र त्यांनी प्रदर्शनाच्या चार गोष्टी बोलून घेतल्या आणि मग घसा खाकरून विचारलं की वरच्या इन्क्युबेटरवरची ती पुडी, तिची तारीख काय आहे? तिने सांगितलं होतं की उलटून गेली, सर. बरं, म्हणाले, आणि हिरवीच ना, असंही विचारलं. तिला तेव्हा हसू आलं होतं. सर उंचीने बेताचे. स्टुलावर चढून त्यांनी नवी पुडी पुढून सारली असणार, जुनी मागे ढकलली गेली असणार, आणि जाता जाता नळी घेऊन गेली असणार. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसणार.

हाताला सवय असते. तिने नळी जागेवर बसवली, मागे पडलेली पुडी तिथेच राहू दिली आणि खाली उतरली. आकडा हळूहळू वर चढू लागला, लाल दिवा विझला. मग तिच्या लक्षात आलं की आता ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि ती गप्प राहिली तर कधी कळणारही नाही.

तेवढ्यात श्यू-वेन ताई आली. ती एम.एस. करत होती आणि सरांच्या गैरहजेरीत प्रयोगशाळा तिच्याच ताब्यात असे. बशा बघून तिने कपाळाला हात लावला. सरांना फोन केला, आ-रुईला बोलावून घेतलं. मिन-यूने तिला बाहेरच्या जिन्यात गाठलं आणि नळीचं, पुडीचं, कालच्या फोनचं सगळं सांगून टाकलं. ताईने आधी वर-खाली कुणी नाही ना ते पाहिलं.

"हे तू आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगूही नकोस. सगळ्यांसमोर सरांना सांगणार आहेस, की तुम्ही चोरून पुडी ठेवायला आलात आणि पेशी मारल्यात? प्रदर्शन होऊ दे. मी चहाच्या वेळी कधीतरी हळूच त्यांच्या कानावर घालीन."

"आणि आ-रुई?"

"त्याला काय," ताई म्हणाली. "त्याला सवय आहे बोलणी खायची."

हे ऐकून मिन-यूला संताप यायला हवा होता. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. आपल्यापेक्षा मोठ्या कुणीतरी गप्प बस म्हणून सांगितलं, आता आपली जबाबदारी नाही. त्या सुटकेची तिला लगेच लाजही वाटली. तरी ती ताईच्या मागोमाग बैठकीच्या खोलीत जाऊन नेहमीच्या खुर्चीवर बसली.

श्याओ सर कधी आवाज चढवत नसत. त्यामुळेच त्यांची जास्त भीती वाटायची. त्यांनी आ-रुईला समोर बसवलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. किती वाजता आलास, काय उघडलंस, कोणत्या क्रमाने बंद केलंस. आ-रुईने पहिल्यांदा ठामपणे सांगितलं की दोन्ही दारं लावली होती, आकडाही बघितला होता. सरांनी पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा. आकडा किती होता? पाच. नक्की पाच? त्याने खरंच पाहिला होता की रोजच्या सवयीने पाच म्हणतोय? यंत्र आपोआप बिघडलं आणि आपोआप दुरुस्त झालं, असं त्याचं म्हणणं आहे का? मिन-यू टेबलाखाली नखांनी तळवा ओरबाडत होती. आ-रुईच्या मानेवर घाम आला होता. तो आता उत्तर द्यायला वेळ घेऊ लागला, आणि प्रत्येक उत्तर मागच्याहून मऊ येऊ लागलं. पाहिला होता. पाहिला असेन. आठवत नाही, सर.

मिन-यूने ताईकडे बघितलं. ताई स्वतःच्या कपात बघत होती.

"असेल, सर," आ-रुई शेवटी म्हणाला. "माझंच चुकलं असेल. माझ्याकडूनच राहून गेलं असणार."

त्याचा आवाज खोटा नव्हता. त्याला आता खरंच तसं वाटू लागलं होतं, आणि हे मिन-यूला असह्य झालं. सरांनी प्रकल्पातल्या नावांचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"सर, काल तुम्ही मला फोन केला होता," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "पुडीची तारीख विचारायला."

सरांचं पेन थांबलं. "हो. मग?"

"जुनी पुडी कपाटामागे पडलीय. वायूच्या नळीवर. नळी निघाली होती. सकाळी मी ती परत लावली."

श्यू-वेन ताईने डोळे मिटून घेतले. आ-रुई तोंड उघडं टाकून एकदा हिच्याकडे, एकदा सरांकडे बघू लागला. सरांनी पेनाला टोपण लावलं, उठले आणि प्रयोगशाळेत गेले. हे तिघे मागे. साठीला टेकलेला तो माणूस स्टुलावर चढला. कुणी धरायला पुढे झालं तर हाताने नको म्हणाला. बराच वेळ तो त्या फटीत बघत राहिला. उतरला तेव्हा जुनी पुडी त्याच्या हातात होती.

"तू दार लावलं होतंस," ते आ-रुईला म्हणाले. "आकडाही पाहिला होतास. तुझ्यानंतर मी येऊन गेलो. मी तुझी माफी मागतो."

आ-रुई गोंधळून मागे सरकला. सरांनी माफी मागायची, तीही विद्यार्थ्याची, हे त्याला कुठल्याच बाजूने धरता येईना. सर पुढे म्हणाले की परीक्षकांना ते स्वतः कळवतील, चूक कुणाची तेही लिहितील. गोठवून ठेवलेल्या पेशी आजच बाहेर काढा. प्रदर्शन या वेळी हुकेल, पण सत्र संपेपर्यंतची मुदत ते मागून घेतील. नावं दोन्ही राहतील.

मिन-यूच्या छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्यात सर तिच्याकडे वळले.

"तू हे सकाळीच पाहिलंस?"

"हो, सर."

"मग मी इतका वेळ याला पिळत होतो, तेव्हा तू गप्प का बसलीस?"

"तुम्ही सर आहात," ती म्हणाली.

"मी सर. आणि हा तुझा कोण?"

त्यांनी हेही हळूच विचारलं, अगदी माहिती हवी असल्यासारखं. ताईने मान खाली घातली. चार वर्षं ज्याच्या स्कूटरवर मागे बसून ती घरी गेली, ज्याने तिच्या तापात तिच्या पाळ्या केल्या, तो हातभर अंतरावर उभा होता, आणि त्याच्याकडे बघायचं तिला धाडस होत नव्हतं.

"जाऊ द्या ना, सर," आ-रुईच म्हणाला. "सांगितलं की तिने शेवटी. दुसरं कोण बोललं असतं माझ्यासाठी?"

तो हसत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, होती ती नुसती कृतज्ञता. तो चिडला असता तर तिने सहन केलं असतं. त्याऐवजी तो पेशी वितळवायला पाणी गरम करायला लागला आणि तिचे हातमोजे तिच्यापुढे धरून उभा राहिला. ते घ्यायला तिने हात पुढे केला, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिला रडू कोसळलं.