जाब कुणाला द्यायचा

बँकेच्या दारावर उभा असणाऱ्या रखवालदाराला सगळे मेजर म्हणत. सैन्यात तो शेवटपर्यंत साधा शिपाईच होता, पण मिशा मेजरला शोभतील अशा, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलं. सैन्यातून सुटल्यावर तो दोन वर्षं युद्ध पेटलेल्या परमुलखात एका खाजगी सुरक्षा कंपनीत राबून आला होता. घरी सांगितलं होतं, "गोदाम राखत होतो. माश्या मारायचं काम." बायकोने आणि मुलीने ते खरं मानलं.

तीच मुलगी एका संध्याकाळी कॉलेजातून उड्या मारतच आली.

"बाबा, आमच्याकडे वादविवाद आहे. युद्धात खाजगी कंपन्यांचे बंदूकधारी असावेत की नसावेत. शेवटी तुम्ही चार शब्द बोलायचेत. मी सरांना कबूल करून बसलेय!"

मेजरचा घास हातातच राहिला. "अगं, एखादा शिकलेला माणूस बोलवा."

"शिकलेले तिथे गेलेत कुठे? तुम्ही गेलात ना!"

बायको हसली. "जा की. घरात कुणाला बोलू देत नाही, तिथे काय दातखीळ बसणार आहे?"

दातखीळ आत्ताच बसली होती. पुढचे आठ दिवस बँकेचं दार ढकलून कुणी झपकन आत शिरलं, की तो दचकून बाजूला व्हायचा. तापाचं निमित्त झालं, गुडघ्याचं झालं. मुलीपुढे एकही टिकलं नाही.

सभागृह भरलेलं होतं. पहिला मुलगा तावातावाने बोलला, "सैनिक पुरत नाहीत. दवाखाने, रसद राखायला हीच माणसं लागतात. पोटासाठी जीव धोक्यात घालणाऱ्याला भाडोत्री म्हणून हिणवू नका." मेजरला जरा हायसं वाटलं.

मग एक चष्मेवाली मुलगी उठली. "सैनिकाच्या हातून निरपराध माणूस मेला, तर निदान चौकशी तरी होते. कंपनीच्या माणसाने जाब कुणाला द्यायचा?"

"करारात असतं सगळं," मुलगा म्हणाला.

ती थेट मेजरकडे वळली. "काका, तुम्हीच सांगा. असतं?"

'मी गोदामात होतो' एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याची मुलगी पहिल्या रांगेत मान ताठ करून बसली होती. तिच्याकडे बघता बघता त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"नव्हतं. आमचे ट्रक चालले होते. मागून एक पांढरी गाडी जवळ येत होती. हात केला, थांबेना. आत बॉम्ब असेल असं वाटलं. घाबरलो आणि गोळ्या झाडल्या. गाडी खड्ड्यात गेली. आम्हाला थांबायचा हुकूम नव्हता. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबाने मला विमानात बसवलं. म्हणाला, तू इथे नव्हतासच. आजवर कुणी विचारलं नाही, पोरी. तूच पहिली."

टाळी वाजली नाही. घरी जाताना मुलगी चार पावलं पुढे चालत होती. वळणावर ती थांबली.

"आत कोण होतं?"

"माहीत नाही."

"बॉम्ब होता?"

"स्फोट झाला नाही," तो म्हणाला. ती रडायला लागली. तिच्या खांद्यावर हात ठेवायचीही त्याला भीती वाटली.

नंतर दारावर कुणीही थाप मारली, तरी आपल्यालाच न्यायला आले असं त्याला वाटे. एक पोलीस बँकेत खातं उघडायला आला, तर मेजर दाराआड सरकला. बिचाऱ्याने फक्त फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं. महिना गेला, कुणीच आलं नाही. मग त्याने स्वतःच कंपनीला पत्र लिहिलं: तारीख, रस्ता, पांढरी गाडी.

"सुखाचा जीव दुःखात का घालताय?" बायको कळवळून म्हणाली.

"सुखात कुठे होता?"

पत्र परत आलं. त्या पत्त्यावर अशी कंपनीच नव्हती. त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी मुलगी आपणहून त्याच्या शेजारी येऊन बसली. त्या देशाच्या वकिलातीचा पत्ता तिने शोधून काढला होता. नवं पत्र तिने वाचून दाखवलं आणि पेन पुढे केलं. मेजरची सही वाकडीतिकडी आली. तिने पत्र तसंच पाकिटात घातलं.