तिसऱ्या रांगेतली खिडकी

"चपला? घरात चपला घालून बसायचं?" सासूबाईंचा आवाज आता जिन्यापर्यंत जात होता.

"मग बसमध्ये अनवाणी कोण बसतं?"

"ही बस आहे?"

"बसची सीट आहे ना. मग झालं."

"अगं, पण सीटखाली आपली फरशी आहे," नवरा मध्ये पडला. "आणि ती फरशी सकाळी मी पुसलीय."

"आभारी आहे," असं म्हणून तिने मांडीवरची पर्स सरळ केली आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती, आणि भिंतीवरून खाली उतरणारा एक पाइप.

सीट घरात आल्यापासून हे चाललं होतं. हिरव्या रेक्झिनची, दोन माणसांची सीट. पाठीला लोखंडी दांडी. कोपऱ्यात कुणीतरी ब्लेडने फाडलेलं आणि डेपोतल्या कुणीतरी काळ्या दोऱ्याने जेमतेम शिवलेलं. तिचे पाय बसच्या तळाला बोल्टने बसवायचे असतात. घरात ते विटांवर ठेवले होते, त्यामुळे बसलं की सीट डुलायची. नवरा म्हणाला, पाचर मारून देतो. तिने त्याला हात लावू दिला नाही. डुलली नाही तर ती चाललीय असं कसं वाटणार?

तिचा उभा जन्म हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेला होता, आणि तोही उभ्यानेच. दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, जवळ यायचं, घडी घालायची, मागे जायचं. दिवसभर तेच. घरी आली की ती कुणाची आई, कुणाची सूनबाई आणि कुणाची 'अगं'. या दोन्हींच्या मध्ये एक बस होती. डावीकडची तिसरी रांग, खिडकी. तिथे तिला कुणी हाक मारत नसे. एवढंच. बाकी त्या बसमध्ये सांगण्यासारखं काही नव्हतं.

ती निवृत्त झाली त्याच सुमाराला त्या जुन्या बसही भंगारात निघाल्या. तिला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, बसला तेही नाही. नव्या गाड्यांत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या; ब्रेक लागला की माणूस साबणाच्या वडीसारखा घसरतो. मग ती भंगाराच्या आवारात गेली आणि उघड्यावर मांडलेल्या सीटांवर डोळे मिटून एकेक करत बसत सुटली. ज्या सीटची स्प्रिंग डाव्या मांडीला ओळखीच्या जागी टोचली, तिथे थांबली.

"मावशी, घेताय की उतरताय?" भंगारवाल्याने विचारलं.

"घेतेय," ती म्हणाली.

आता रोज संध्याकाळी, पूर्वी कामावरून सुटायची त्या वेळेला, ती साडी बदलून, पर्स घेऊन सीटवर बसे. कुणी काही विचारलं की एकच उत्तर: "मी अजून घरी पोहोचले नाही."

पहिले काही दिवस सगळ्यांच्या डोक्यात राख. पण कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे न पोहोचलेल्या माणसाला कसं विचारणार? मुलगी तर फोनवर सरळ सांगू लागली, "आई अजून आली नाही हो," आणि हे सांगताना तिच्याच पाठीमागून कपडे वाळत घालायला जायची.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि त्याला स्वतःचा चष्मा कधीच सापडत नसे. एका संध्याकाळी सगळं घर पालथं घालून तो हताशपणे तिच्या शेजारी जाऊन टेकला. तिने पर्स जवळ ओढून घेतली, अनोळखी माणसासाठी घेतात तशी.

"माझा चष्मा..."

"माफ करा, मी आपल्याला ओळखलं नाही."

सीट थोडी डुलली. मग तो म्हणाला, "आज गर्दी कमी आहे."

"हो ना."

"रोज याच गाडीने का?"

"रोज. तुम्ही?"

"मी पहिल्यांदाच." त्याने पाठ टेकली. "आमची मिसेस फार चिडते हो."

"का?"

"काय माहीत. कधी विचारलं नाही."

"आमचे मिस्टर चांगले आहेत," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "फक्त चष्मा फ्रीजवर ठेवतात आणि शोधतात कपाटात."

तो उठला नाही. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी जेवढं बोलली तेवढं लग्नाच्या पहिल्या वर्षातही बोलली नसेल. मोठ्या हॉस्पिटलात सुपरवायझरची जागा चालून आली होती आणि तिने नाही म्हटलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. त्याने फक्त "अरेरे" केलं, जसं परका माणूस करतो. तिला ते बरं वाटलं.

बिनसलं ते तिथूनच. दुसऱ्या दिवशी सासूबाई येऊन सीटची दांडी धरून उभ्या राहिल्या आणि मोठमोठ्याने उसासे टाकू लागल्या. शेवटी नवऱ्याला उठावं लागलं. बसल्याबसल्या त्यांनी सुरू केलं, "काय सांगू बाई, माझी सून..." आणि अर्ध्या तासाने हळूच, "पण हात फार कष्टाळू आहे हो तिचा. तिला सांगू नका."

मग मुलगी आली. तिला नोकरी सोडायची होती आणि ते बाबांना सांगायचं नव्हतं. बाबा दांडी धरून मागेच उभे होते.

आता तिथे कुणी गप्प बसेना. नवरा चहा घेऊन चढू लागला. सासूबाई दुपारीच खिडकीची जागा धरून तिथे रुमाल टाकून ठेवू लागल्या. तिला मांडीवर पर्स ठेवून भिंत बघायला मिळेना. ती उठायची ती दमून उठायची, थेट स्वयंपाकघरात जायची, आणि मध्ये काहीच नसायचं.

एका संध्याकाळी ती साडी बदलून आली तर खिडकीशी सासूबाई, त्यांच्या शेजारी मुलगी, आणि उरलेल्या चार बोटं जागेवर अर्धा नवरा.

"मागून दुसरी येतेय का बघा," सासूबाई न वळताच म्हणाल्या. मुलगी फिस्सकन हसली.

ती हसली नाही. दांडी धरून उभी राहिली. तिघंही तिच्याकडे न बघता बोलत होती: कुकर लावायचा का, दूध आलं का. ती उभीच राहिली, जेवढा वेळ पूर्वी घरी यायला लागायचा तेवढा वेळ. मग तिने पर्स खुंटीला लावली आणि वळली.

"उद्या भंगारवाल्याकडून मागची लांब सीट आणतेय, पाच माणसांची. तुम्ही तिघांनी तिकडे बसायचं. इथे मी एकटी."

"अगं, हॉलमध्ये जागा कुठंय?"

"दिवाण जाईल."

"आणि मी?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही आधी विचारायचं, इथे कुणी येतंय का. मी हो म्हटलं तर उभं राहायचं."