वर्कशॉपची किल्ली मागणारा

गेल्या शुक्रवारी दुपारी स्टुटगार्टजवळच्या एका शहरात नागरिकांच्या देखरेख समितीने कॉलेजच्या नव्या इमारतीची पाहणी केली. विद्यार्थ्यांच्या वर्कशॉपसाठी शहराने मतदान घेऊन कर्ज मंजूर केलं होतं. ते त्याच कामावर खर्च झालं, असं समितीने एकमताने सांगायचं होतं.

विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून समितीत एक मराठी संशोधक होता. सायकलचं हेल्मेट काखेत धरून तो सगळ्यांच्या मागे चालत होता आणि प्रत्येक दाराची मूठ दाबून बघत होता. वर्कशॉपचं दार उघडलं नाही. त्याने किल्ली मागितली.

किल्ली वर्कशॉप सांभाळणाऱ्या प्राध्यापकांकडे होती; तेच त्याचे पीएचडीचे गाइड. त्याचा नोकरीचा करार महिनाअखेर संपत होता आणि नव्या करारावर सही याच प्राध्यापकांची लागणार होती.

"तुम्हाला तर इथे मतदानाचा हक्कही नाही," समितीचे अध्यक्ष हसत म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. मत देता आलं नाही, म्हणून निदान बघतो तरी."

मग माझ्याकडे वळून तो मराठीत पुटपुटला, "ताई, तुमचं बरंय. तुम्ही बातमी लिहून घरी जाणार. मला सोमवारी या सरांच्याच समोर बसायचंय."

प्राध्यापकांनी दार उघडलं. आत एका कंपनीचं इंजिन चाचणीला लावलेलं होतं. विद्यार्थ्यांची कामाची टेबलं भिंतीशी एकावर एक रचून ठेवली होती.

"तात्पुरतं आहे," प्राध्यापक म्हणाले.

मान्यतेसाठी अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. संशोधकाचा हात खाली राहिला. मान्यता मिळाली नाही.

हे लिहीपर्यंत त्याच्या नव्या करारावर सही झालेली नाही.