इंदरलालच्या बॅटरीवरची विभूती

आमच्या कामठ्यात देवांची काही कमी नाही. मारुती आहे, मातामाय आहे, शेताशेताच्या धुऱ्यावर शेंदूर लावलेले दगड आहेत. पण बॅटरीत राहणारा देव एकट्या इंदरलालकडे आहे. तो प्रकट कसा झाला आणि त्याला आंघोळ घालायची वेळ कशी आली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझं घर त्याच्या समोरच, आणि म्हाताऱ्या माणसाला ओसरीवर बसण्यापलीकडे काम काय?

इंदरलाल गावातल्या पवारांपैकी चांगला खातापिता शेतकरी. अंगानं आडवा, मनानं वाईट नाही, पण बोलायला लागला की पाटाचं पाणी फुटल्यासारखं. धानाच्या कोणत्या बांधीत शिरेल याचा नेम नाही. त्याचा स्वभाव एवढाच, की समजत नाही त्या वस्तूला तो हात जोडतो. मागे शेतात पंप बसवला, तेव्हा फिरत्या पंपालाच झेंडूचा हार घातला. हार पट्ट्यात गेला, पट्टा तुटला. हा म्हणाला, "देवानं हार स्वीकारला." धान मात्र त्या आठवड्यात तहानेलं राहिलं.

मग त्यानं गोंदियातल्या एका ठेकेदाराकडून जुनी कार घेतली. दसऱ्याला लोक गाडीच्या तोंडावर कुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मोकळे होतात. इंदरलालनं विचार केला की गाडीचा जीव बॅटरीत, तर पूजाही बॅटरीचीच पाहिजे. दसऱ्यावर त्याचं भागेना. दर शनिवारी गाडीचं पुढचं झाकण उघडून बॅटरीला हळद, कुंकू, वरून नारळाचं पाणी. काही महिन्यांनी बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर पांढरी, निळसर भुकटी फुलून आली. झालं! गडी घरोघर सांगत फिरला, "विभूती निघाली!" ती कपाळाला लावली. कपाळ लाल झालं, आग आग झाली. तर म्हणतो, "तेज आहे."

गाडी मात्र सुरू व्हायला कुरकुर करू लागली. शेजारच्या भोजराजनं सांगितलं, "इंदरभाऊ, ते जंग होय. साफ करून टाक." भोजराजचा ट्रॅक्टर आहे, त्याला रोजचा अनुभव. इंदरलाल महिनाभर त्याच्याशी बोलला नाही.

आता खरी गोष्ट. इंदरलालची पोरगी रुचि. वनरक्षक भरतीची लेखी परीक्षा पास झाली होती, धावण्याची चाचणी तेवढी उरली होती. दोन वर्षं ही पोरगी अंधार असतानाच उठून कालव्याच्या पाळीवर धावत होती. चाचणी गोंदियाला, सकाळी; मैदानाचं फाटक एकदा बंद झालं की आत घेत नाहीत. बापानं साऱ्या गावाला सांगून ठेवलेलं, पोरगी कारनं जाईल. चांगला मुहूर्त पाहून तिची पिशवी डिकीत ठेवली, कुलूप लावलं, चावी खिशात. पिशवीत बूट आणि परीक्षेचं ओळखपत्र.

चाचणीच्या दिवशी सूर्य वर आला आणि इंदरलालनं चावी फिरवली. आतून नुसतं कट्. पुन्हा फिरवली. कट् कट्. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. हॉर्न दाबला तर आजारी बकरी कण्हावी तसा आवाज.

त्यानं उतरून पेट्रोलचं झाकण उघडून आत फुंकलं. चारही चाकांना लाथा मारल्या. मग माझ्याकडे वळला.

"आबाजी, काल तुमी गाडीकडे पाहून काय म्हनलं होतं?"

"म्हनलं, चांगली धुतली."

"घ्या! नजर लागली!"

तरी बरं, धुतली म्हणालो. पळते म्हणालो असतो तर पंचायत बसवली असती.

लिंबू उतरवून झालं. गाडी हलली नाही. भोजराजनं राग गिळून ट्रॅक्टर आणला, दोन जाड वायरी काढल्या, चिमटे त्या भुकटीवरच लावले, कारण भुकटीला हात लावायची परवानगी नव्हती. पुन्हा कट्.

"करंट जाईन कुठून?" भोजराज म्हणाला. "वरून एवढा थर बसला आहे. मले खरवडू दे."

"देवाचं खरवडतात का बे?"

रुचि म्हणाली, "बाबा, मी भोजराज काकाच्या फटफटीवर जातो. डिकी उघडा."

"दारात कार उभी असून माझी पोरगी फटफटीवर जाईन? लोक काय म्हनतीन?"

"लोक नाही धावून राहिले, बाबा. मी धावून राहिलो. फाटक बंद होईन!"

बापानं खिशातली चावी आणखी घट्ट धरली आणि चिमूटभर विभूती तिच्या कपाळाला लावायला निघाला. ती अशी मागे सरली, जशी गाय लस टोचणाऱ्याला पाहून सरते.

इतका वेळ रुख्मा, इंदरलालची बायको, दारात उभी राहून पाहत होती. ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा हातात नवऱ्याच्या आंघोळीचं कढत पाणी, आणि भज्यात घालायच्या सोड्याचा डबा.

"अजी, इतके दिवस पूजा केली. देवाले आंघोळ कधी घातली?"

इंदरलाल डोकं खाजवू लागला.

"बिनआंघोळीचा देव रुसणार नाही तं काय करन? सरका. अभिषेक करतो."

अभिषेकाला नाही कोण म्हणेल? इंदरलालनं टोपी सरळ केली. रुख्मा पुढे म्हणाली, "आंघोळीच्या आधी देवाचे दागिने काढतात. भोजराज, त्या पट्ट्या काढ." भोजराजनं पाना लावला आणि खुंट्यांवरच्या दोन्ही पट्ट्या अलगद काढल्या. मी ओसरीवर तोंडाला धोतर लावून बसलो. हसू फुटलं असतं तर त्याचंही खापर माझ्याच नजरेवर फुटलं असतं.

रुख्मानं खुंट्यांवर सोडा टाकला, वरून कढत पाणी सोडलं. फस्स करून फेस उसळला. इंदरलाल तिथंच रस्त्यावर गुडघ्यावर बसला.

"जागृत आहे! पाहा, जागृत आहे!"

"आहे ना," रुख्मा म्हणाली आणि नारळाच्या काथ्यानं देवाला असं घासलं, जसा दिवाळीला पाण्याचा पितळेचा गुंड घासतात. भुकटी वाहून गेली, खाली शिसं चकचकीत निघालं. पदरानं पुसलं, भोजराजनं पट्ट्या आवळल्या, ट्रॅक्टरच्या वायरी पुन्हा लावल्या.

चावी फिरली आणि गाडी पहिल्याच फटक्यात खणखणीत सुरू झाली. इंदरलाल उतरून तिला ओवाळायच्या बेतात होता. रुख्मानं दार बाहेरून दाबून धरलं.

"आता उतरले तं मी उद्यापासून तुमचीच पूजा करीन. काथ्यानं."

गेली गाडी. रुचिनं मागाहून सांगितलं, मैदानाचं फाटक बंद करायला शिपाई उठलाच होता. ती त्याच्या बगलेतून आत घुसली आणि पुढे धावलीही तशीच. निवडीच्या यादीत नाव आलं.

तेव्हापासून इंदरलाल दर शनिवारी गरम पाणी आणि सोडा घेऊन अभिषेक करतो. त्याचं पाहून गावातले आणखी तीन गाडीवाले करतात. चारही गाड्या न कुरकुरता सुरू होतात आणि चारही मालक हात जोडून उभे असतात. भोजराज हल्ली काही समजावत नाही. येता जाता नमस्कार करतो आणि पुढे जातो.

परवा रुचिला नोकरीवर हजर व्हायचं होतं, नागझिऱ्याला. बापानं सकाळीच गाडीचं झाकण उघडलं.

"थांब बेटा, देवाची आंघोळ होऊ दे. त्यानंच तुले वनरक्षक केलं."

रुचिनं पिशवी खांद्याला लावली. या वेळी ती डिकीत ठेवली नव्हती.

"करा तुमी आरामात," ती म्हणाली. "मी एसटीनं जातो. तुमचा देव आंघोळ करेपर्यंत माझी हजेरी लागून जाईन."