तीनदा लिहून दिलं होतं
माझा धाकटा भाऊ शत्रूच्या गोळीने मेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण चौकातल्या पाटीवर तसं लिहिलंय आणि ते साफ खोटं आहे.

त्याला सगळे पाना म्हणायचे. बसस्टँडमागच्या गॅरेजात त्याने सहा वर्षं काढली. हात धुतलेस की नुसते ओले केलेस, असं आई रोज विचारायची. गाडी आत यायच्या आधीच तो आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. माणसांतलं मात्र त्याला शून्य कळायचं. शेजारची शिवणवाली धडधाकट सायकल दुरुस्तीला आणायची आणि हा खरंच ती खोलून बसायचा.

सैन्यात तो ड्रायव्हर म्हणून भरती झाला. बाबांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. मग युद्ध पेटलं आणि त्याला डोंगरातल्या तळावर पाठवलं. तिथले ट्रक त्याच्याहून वयाने मोठे. फोनवर तो लढाईबद्दल बोलायचाच नाही, ब्रेकबद्दल बोलायचा. एका ट्रकचे ब्रेक धड लागत नव्हते. ‘ही गाडी बाहेर काढू नये’ असं त्याने गाडीच्या वहीत तीनदा लिहून दिलं होतं.

तरी तळावरच्या साहेबांनी तीच गाडी काढायला सांगितली. वरच्या चौकीवरून अकरा जवान खाली आणायचे होते. पाना नाही म्हणाला. साहेब म्हणाले, “तू नको नेऊस, दुसरा नेईल.” दुसरा म्हणजे चार दिवसांपूर्वी आलेला नवशिका. म्हणून पाना स्वतः बसला.

परतताना उतारावर ब्रेक गेले. एका हाताला दरी. त्याने आपली बाजू दुसऱ्या हाताच्या डोंगरकड्यावर घातली आणि घासत घासत गाडी थांबवली. मागचे अकराही वाचले. केबिनचा पार चुराडा झाला.

हे सगळं त्या अकरांतल्या एकाने आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. आईने एवढंच विचारलं, त्याला फार त्रास झाला का. तो नाही म्हणाला. खोटं बोलला असणार, पण त्या खोट्याचा मला राग नाही.

राग आहे तो सरकारी पत्राचा. ‘शत्रूच्या गोळीबारात वीरमरण.’ बाबांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं.

“गोळीने गेला म्हणू दे ना गं,” ते म्हणाले. “ब्रेक जाऊन काय, कुणीही मरतं.”

“तो मेला नाही, बाबा. त्याला मारलंय.”

बाबा ताटावरून उठले.

चौकाला नाव द्यायच्या कार्यक्रमाला तेच साहेब आले, बढती घेऊन. गोळ्यांचं वर्णन रंगात आलं तेव्हा मी उभी राहिले. “साहेब, त्याने वहीत तीनदा लिहिलेलं तुम्ही वाचलं होतं का?”

कुणीतरी बँड सुरू करायला लावला. दोन पोलिसांनी मला बाजूला नेऊन पाणी दिलं, जणू मला चक्कर आली होती.

मी वही मागितली. उत्तर आलं, वही लढाईत जळाली. लढाई त्या तळापर्यंत पोचलीच नव्हती. मग मी त्या अकरा जणांना गाठलं. नऊ जणांनी जबाब लिहून दिले. दोघं अजून नोकरीत आहेत, त्यांनी हात जोडले.

आता कोर्टात तारखा पडताहेत. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. कोर्टातल्या अर्जावर आईची सही हवी होती. तिने चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून वाचला. मग पेन इतकं दाबून सही केली की कागद फाटला. मी दुसरा आणला, त्यावरही तिने तशीच सही केली.