न कळलेलं सुतक

"घशात काहीही नाही," बारामतीच्या डॉक्टरांनी छोटा आरसा खाली ठेवत सांगितलं, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. तीन आठवडे झाले, माझ्या बायकोला, हौसाला, भाकरीचा घास गिळता येत नव्हता. घशात लिंबाएवढा गोळा आहे, तो वरखाली होतो, असं ती सांगत होती. पाच तास बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेऊन आम्ही ऐकायला आलो काय, तर काही नाही.

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, ग्लोबस हिस्टेरिकस. मी ते वहीत उतरवून घेतलं. कारकुनाला लिहून घेतल्याशिवाय काही खरं वाटत नाही. ग्लोबस म्हणजे गोळा. गाठ नसते, सूज नसते, पण माणसाला गोळा जाणवतो आणि तो सोंग करत नसतो. मनात काही अडकून बसलं की असं होतं, असं ते म्हणाले. मुंबईच्या वेड्यांच्या इस्पितळात काम केलेले त्यांचे एक स्नेही दर गुरुवारी त्यांच्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसत. त्यांना दाखवा म्हणाले.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या तीन-चार वर्षं आधीची. आम्ही सणसरचे. मी पाटाच्या, म्हणजे कालव्याच्या, चौकीवर कारकून होतो, घरी थोडा ऊस होता. तुमच्यापैकी कुणाच्या घरात आज असं माणूस असेल, ताट पुढे ठेवून नुसतं बसून राहणारं, तर त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यात माझी लाज आहे. ती झाकून लिहिलं तर तुम्हाला काही उपयोग नाही.

हौसाला आई नव्हती. शेळगावला तिचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, आणि भाऊ ज्ञानू. तात्यांनीच तिला वाढवलं, तिची वेणीसुद्धा तेच घालायचे म्हणे. माहेरी करणारं बाईमाणूस नाही म्हणून तिचं बाळंतपण आमच्या घरी झालं. मुलगा झाला. दहाव्या दिवशी चौकीवर निरोप आला, तात्या गेले.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं आधी बाळंतिणीच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"तिला सांगायचं न्हाय," ती म्हणाली. "दूध तुटल तिचं. सव्वा म्हैना जाऊ दे, मग बघू."

आमच्याकडची ही रीतच आहे. ओल्या बाळंतिणीला मौतीची बातमी देत नाहीत. लेकीला बापाचं सुतक तीन दिवसांचं, पण तेही कळल्यापासून धरायचं. कळलंच नाही तर सुतक लागत नाही. मला ती सोय फार शहाणपणाची वाटली. मी शेळगावला जाऊन माती देऊन आलो, परत येताना पाटावर अंघोळ केली, कपडे बदलले आणि घरात शिरलो. आईनं माझ्याच हातात अळिवाच्या खिरीची वाटी दिली. मी ती उंबऱ्यातून हौसापुढे सरकवली. तिनं विचारलं, शेळगावकडनं कोण आलं होतं का, तात्या कसे आहेत. मी म्हणालो, खुशाल आहेत, पाण्याची पाळी संपली की नातवाला बघायला येतो म्हणालेत.

तिनं खीर संपवली.

एकदा बोललो की पुढचं आपोआप येत गेलं. तात्यांचा निरोप म्हणून मी काय काय सांगितलं ते आठवलं तरी आज कानकोंडं व्हायला होतं. इंदापूरच्या बाजारातून शेंगा आणायचो आणि तात्यांनी धाडल्यात म्हणून तिच्या ओटीत टाकायचो. सव्वा महिना झाला. आता सांगायला हवं होतं. पण आता सांगायचं म्हणजे त्या शेंगांचंही सांगावं लागणार होतं. मी दिवस ढकलत राहिलो, आणि आईही विषय काढेना.

सव्वा महिन्यानंतर केलेल्या बारशाला मामा म्हणून ज्ञानू आला. दुपारपुरता आला आणि गेला. त्यानंतर पंधरा दिवसांनी हौसाचा घास अडकायला लागला. पहिल्यांदा भाकरी, मग भात. शेवटी भाताची पेज तेवढी उतरायची, तीही घोट घोट, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गावातल्या वैद्यानं ज्येष्ठमध दिलं. आईनं अंगारा लावला, मीठमोहऱ्या ओवाळल्या. मनगटातल्या बांगड्या तिच्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या आणि दूध आटत चाललं. जे वाचवायला एवढं खोटं रचलं, तेच हातचं चाललं होतं. शेजारणी म्हणायच्या, पोरीला माहेरी धाडा, हवापालट होईल. आई काहीतरी बहाणा सांगून त्यांना वाटेला लावायची. माहेरी कुठल्या तोंडानं धाडणार होतो?

त्या मागच्या खोलीतल्या डॉक्टरांच्या उपचाराला सायकोथेरपी म्हणतात. इस्पितळात राहायचं नाही, आउटपेशंट म्हणजे येऊन-जाऊन औषध घेणारा रुग्ण व्हायचं, आणि औषध म्हणजे बोलणं. हे ऐकल्यावर आई म्हणाली, बोलून बरं व्हायचं तर आमी काय घरी मुकी हाय का? पण ती हट्टानं बरोबर आली.

बाहेर बाकावर बसायचं. एकाचा हात ताठलेला होता, एक बाई सारखी पदराचं टोक पिळत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि हीच बोलायची जागा म्हणून मला हसू येत होतं. आत डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. आईनं सांगितलं. कधीपासून? आईनं सांगितलं. झोप लागते का? ते मी सांगितलं. हौसा डोक्यावर पदर घेऊन खाली बघत होती. सासूसमोर आणि नवऱ्यासमोर तिनं बोलायचं नव्हतं, आणि आम्हालाही त्यात वावगं काही वाटत नव्हतं. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, पुढच्या वेळी फक्त रुग्ण आत येईल.

दुसऱ्या गुरुवारी हौसा एकटी आत गेली. अर्ध्या तासानं बाहेर आली. आईनं लगेच विचारलं, काय म्हणाला. हौसा म्हणाली, काय न्हाय. डॉक्टरांनी मला खूण करून बोलावलं आणि त्या एक शब्दही बोलल्या नाहीत असं सांगितलं. मी मनात म्हटलं, झालं, एवढ्या लांब येऊन नुसतं बसून राहणं. ते म्हणाले, ठीक आहे, पुढच्या वेळी तुम्ही एकटे या.

तिसऱ्या गुरुवारी माझी पाळी. त्यांनी विचारलं, गेल्या वर्षात घरात कुणी वारलं का. मी म्हणालो, नाही.

"घर म्हणजे दोन्हीकडचं," ते म्हणाले.

मग मला सांगावं लागलं. शेंगांसकट. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की तिला कळलेलं नाही अशी माझी खात्री आहे का. मी म्हणालो, कोण सांगणार? घरातलं माणूस फुटलेलं नाही. हे मी सांगून चालणार नाही, तुम्ही सांगायचं, इथे माझ्यासमोर, एवढं म्हणून त्यांनी पुढचा गुरुवार दिला.

तो आठवडा वाईट गेला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, आधीच अंगात रक्त नाही, आता सांगून मारायची हाय का तिला. तिचं खोटं नव्हतं. मलाही तीच भीती होती. आणि खरं सांगायचं तर दुसरीही एक होती, की बातमी ऐकून ती जगली तर माझ्याकडे कशी बघेल.

चौथ्या गुरुवारी आई बाळाला घेऊन बाकावर बसली आणि आम्ही दोघं आत गेलो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण भरदिवसा तिसऱ्या माणसासमोर आम्ही शेजारी-शेजारी बसलो ते तेव्हाच पहिल्यांदा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी घसा खाकरला. आठवडाभर घोकलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं आणि ऐन वेळी मी कच खाल्ली. मौतीची बातमी फोडताना आपण आधी 'जास्त आहे' म्हणतो ना, तसं मी म्हणालो, "हौसा, तात्या जरा आजारी हायत."

तिनं पदराआडून पहिल्यांदाच मान वर केली.

"आता आजारी किती दिस ठिवणार हाय त्यास्नी?"

मी काय ऐकलं तेच मला कळेना. आवाज चढलेला नव्हता. तिनं मग डॉक्टरांकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही. बारशाला ज्ञानू आला तेव्हा त्याची आकडेबाज मिशी नव्हती, नुसती खुंटं होती. पटका कपाळावर ओढून बसला होता. बाप असताना कुणी मिशी उतरवत नाही, तिथंच तिला उमगलं. नंतर ती रोज मला तात्यांचं विचारायची ते कळावं म्हणून नव्हे, तर आज तरी मी सांगतो का ते बघायला. मी रोज खुशाल सांगत होतो.

"मग रडलीस का न्हाईस? मला बोलली का न्हाईस?" मी विचारलं. वर आणि तिलाच विचारलं.

"मला कुणी सांगितलंच न्हवतं. मग रडू कुठनं? बाप गेला त्या दिशी, तुमी ओल्या केसांनी घरी आलात तवा, खीर खाल्ली मी, तुमच्या हातनं."

मग मी म्हणालो, "तात्या गेले." दोनच शब्द, ते म्हणायला मला साडेतीन महिने लागले. ती रडली नाही. उठली, बाहेर गेली आणि आईपुढे उभी राहिली. आई तिच्या तोंडाकडे बघून समजली. मला वाटलं, आता आई काहीतरी कडू बोलणार. पण तिनं बाळ माझ्याकडे दिलं, हौसाचा हात धरून तिला दवाखान्यामागच्या विहिरीवर नेलं आणि डोक्यावरून दोन घागरी पाणी ओतलं. त्या दिवसापासून आईनं तीन दिवस सुतक अगदी रीतसर धरलं. तिच्या परीनं तिनं माफी मागितली असावी.

इथं गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. तशी ती संपत नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. चौथ्या दिवशी ताट वाढलं, आणि गोळा होता तिथंच होता. पेज थोडी जास्त उतरत होती, एवढाच फरक. मी चिडलो. सगळं कबूल केलं, आता आणखी काय पाहिजे? हे मी पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना जवळजवळ भांडूनच विचारलं. ते म्हणाले, कबूल तुम्ही केलंत, विचारायचं त्यांचं राहिलं आहे.

आम्ही पुन्हा शेजारी बसलो. शेवटी हौसानं विचारलं, "जाताना माझं नाव काढलं का तात्यांनी?"

जीभ किती सराईत असते बघा. 'शेवटपर्यंत हौसा हौसा करत होते' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. कुणाला तपासता आलं नसतं, आणि तिला केवढं बरं वाटलं असतं. तिच्या हाताची नुसती हाडं राहिली होती, ती मांडीवर ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"न्हाय," मी म्हणालो. "दोन दिस वाचाच गेली व्हती, असं ज्ञानू म्हणाला. कुणाचंच नाव घेतलं न्हाय. आणि मी पोचलो तवा सगळं संपलं व्हतं."

मग तिनं विचारलं, "खरं हाय न्हवं?" मी म्हणालो, खरं आहे.

परतीच्या वाटेवर ती एकेक विचारत गेली. खांदा कुणी दिला, अंगावर काय घातलं होतं, तात्यांची गाय आता कोण पिळतं. जे माहीत होतं ते सांगितलं, नव्हतं ते माहीत नाही म्हणालो. आई पुढे बसून सगळं ऐकत होती, मधे एकदाही बोलली नाही. पाटाच्या पुलावर गाडी सोडली तेव्हा हौसानं आपणहून भाकरीचं फडकं उघडलं. चतकोर खायला तिला अर्धा तास लागला, पण ती घशाखाली उतरली. आई घास मोजायला लागली तेव्हा मी तिला खुणेनं तोंड फिरवायला सांगितलं.

पुढे आम्ही अजून चार महिने बारामतीला जात राहिलो. गोळा कधी महिनाभर गायब व्हायचा, कधी परत यायचा. आजही घरात कुणी कुजबुजायला लागलं की तिचा हात गळ्याकडे जातो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यांनी गोळी दिली नाही, उपदेशही केला नाही. नवरा-बायकोला बोलायला एक खोली दिली, जी आमच्या घरात नव्हती. तुमच्या घरी कुणाच्या भल्यासाठी काही लपवलेलं असेल, तर मी काय सांगू? मलाही तेव्हा भलंच वाटलं होतं.

एक सांगायचं राहिलं. चतकोर भाकरी खाल्ली त्याच्या चौथ्या दिवशी हौसा म्हणाली, मला शेळगावला न्या. आई म्हणाली, बाळ लहान आहे, आता एकदम वर्षश्राद्धालाच जाऊ दे. मी आयुष्यात पहिल्यांदाच आईचं ऐकलं नाही आणि गाडी जुंपली. सबंध वाट ती गप्प होती. शेळगावची वेस आली, आणि माहेरी बाप मेल्यावर लेकी जसा वेशीपासून हंबरडा फोडत जातात, तसा तिनं फोडला. रानातल्या बाया काम टाकून धावत आल्या. कुणाला वाटलं असेल, आज कुठलं मढं उठलं. बाळ दचकून रडायला लागलं. तिची मान आभाळाकडे होती आणि गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. एवढा मोठा आवाज त्या गळ्यातून निघू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मी बैल थांबवले नाहीत. गप्प बस असंही तिला म्हटलं नाही.