भिंतीपलीकडचा गोठा

कुठंही गेले तरी शेजारच्या डॉक्टरांचे दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत गुंतलेले असायचे. लग्नात, मयतीला, भाजीच्या गाड्यापुढं, सगळीकडं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, काय रुबाब आहे माणसाचा. रुबाब कसला, तो त्यांचा पहिला धडा होता. शिकायला आलेल्या पोराला गाईसमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "हात मागं. डोळे म्होरं." तासभर गाईला बोट लावायचं नाही, नुसतं बघायचं. तासानं विचारायचे, "काय काय दिसलं? धा गोष्टी सांग." पोरगं चारावर अडकायचं. मग शांतपणे, "जा. पुढच्या ऐतवारी ये."

तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस राहून गेला असेल. चारचौघांत त्याचं कौतुक करावं लागतं आणि करताना पोटात दुखतं. माझ्या पोटात सोळा वर्षं दुखलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांना कुठं कमी लेखलं तर तुम्ही काय ते समजून घ्याल.

ते जनावरांचे डॉक्टर. मूळचे शिरूर अनंतपाळकडचे, नोकरी सरकारी दवाखान्यात, घर लातुरात, माझ्या घराच्या बरोबर मागं. मधे एक भिंत. पोरं त्यांना आप्पा म्हणत, मी मात्र हट्टानं 'डॉक्टर' म्हणायचो. मी मुखेडचा, लातुरात येऊन बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवू लागलेला.

भूकंपानंतर लातुरात कुणी स्लॅबखाली बसायला तयार नव्हतं. मी अंगणात पत्रे ठोकले आणि त्याखाली क्लास सुरू केला. त्याच आठवड्यात भिंतीपलीकडं त्यांनी पत्रे ठोकले आणि तीन गाई आणून बांधल्या. भूकंपाच्या गावातल्या होत्या. घरातलं कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवसांबद्दल ते फारसे बोलत नसत. एकदा मात्र पोरांना सांगताना भिंतीअलीकडून मी ऐकलं. "माणसं माणसांना काढून राहिली होती. ते बरोबरच होतं. पर गाई दावणीला तशाच. दोन दोन दिस धार न्हाई, कास दगडावानी. हंबरून राहिल्या होत्या. मी इंजेक्शनची पेटी घेऊन गेलतो, ती उघडलीच न्हाई. बसलो अन् धारा काढत सुटलो. दूध मातीत. म्हणून सांगतो, ज्याला धार काढता येत न्हाई त्यो गाईचा डॉक्टर कशाचा?"

आणि खरोखरच, सुई हातात देण्याआधी ते पोरांना महिनाभर हातानं धार काढायला लावत. उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजातली ही पोरं. शनिवारच्या एसटीनं येत आणि कुणाच्या तरी खोलीवर मुक्काम करून रविवारी सकाळी दारात हजर. दारातच नखं तपासून घ्यायची, पहिलीच्या वर्गासारखी. गोणपाटाच्या पिशवीला एक भोक पाडलेलं. त्यात हरभरा, बोर, लिंबू, चिंचोका असं काहीबाही. डावा हात आत घालून, न बघता, काय आहे आणि केवढं आहे ते सांगायचं. गाभण गाय तपासायला उद्या तोच हात लागणार. मग गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून पोट कितीदा हलतं ते मोजायचं. एवढं सगळं फुकट.

आणि इकडं मी. पुढं क्लास असा काही वाढला की पत्र्यांची जागा हॉलनं घेतली. नांदेड, बीड, परभणीहून पोरं खोल्या करून राहायला लागली. मेडिकलला लागलेल्यांचे फोटो चौकात, माझ्या फोटोखाली. मी काय शिकवायचो? चार पर्यायांतले तीन खोडायला. "विचार करू नका, खोडा," हे माझं वाक्य पोरं नकलेत म्हणून दाखवायची.

माझ्या हॉलच्या मागच्या खिडक्या त्यांच्या गोठ्यावर उघडायच्या. पोरं मान वळवून गाई बघत बसायची. शेवटी मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, वास येतो हो क्लासमध्ये."

"हाव, येतो की," ते म्हणाले. "सर, शेण बिघडलं की वास बदलतो बघा. तसं कायतरी वाटलं तर तेवढं सांगत जा."

चिडावं तर माणूस खरंच मदत मागत होता. मी खिडक्या बंद करून घेतल्या.

माझी मुलगी वैशाली. तिला मेडिकल थोडक्यात हुकलं आणि व्हेटर्नरीला नंबर लागला, उदगीरलाच. त्या वर्षी चौकातल्या फोटोंत सगळ्यांची पोरं होती, माझीच नव्हती. लोक विचारायचे, "सर, वैशालीचा फोटो?" मी सांगायचो, "ती रिपीट करून राहिली." बेत तसाच होता. पहिलं वर्ष नावापुरतं करायचं, सुटीला घरी यायचं, सीईटीचा अभ्यास करायचा आणि पुढच्या वर्षी पांढरा कोट घालायचा. माणसांच्या डॉक्टरचा.

पुढं जे झालं त्याला मीच कारण. एका रविवारी माझ्याकडं टेस्ट चालू होती आणि पलीकडं पोरं मोठमोठ्यानं मोजत होती. मी वैशालीला पाठवलं. "जा, त्या डॉक्टरांना म्हणावं, जरा आवाज कमी करा." ती गेली आणि तीन तासांनी आली. रात्री जेवताना बघतो तर तिची लांब ठेवलेली, रंगवलेली नखं कापलेली.

"बाबा, गाय रवंथ करताना एक घास किती वेळा चावते, माहिती आहे तुम्हाला?"

गाईच्या पोटाचे चार कप्पे मी फळ्यावर डोळे मिटून काढत असे. पण हे काही मला माहीत नव्हतं.

"पन्नासच्या पुढं. मी मोजलं," ती म्हणाली आणि भाकरी मोडून खायला लागली.

महिन्याभरात सीईटीची पुस्तकं माळ्यावर गेली. मी भिंतीपाशी जाऊन त्यांना सुनावलं, "माझ्या पोरीला ढोरांची डॉक्टर करायला निघालात तुम्ही."

"मी कोण करणार, सर? ती उभी राहती. तासभर गाईपुढं उभं राहणारं पोरगं धात एक निघतं." मग भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, "ह्या भागात दूध वाढून राहिलं. दारोदार संकरित गाई आल्या. अन् आमची पोरं पास झाली की कुत्र्याचा दवाखाना टाकायला पुण्याला. गाईपशी कोण राहावं?"

मी घरी येऊन बायकोवर ओरडलो.

आता वैशाली "बाबा" म्हणायची त्याच्या दुप्पट वेळा "आप्पा" म्हणायला लागली. आप्पा म्हणतात असं, आप्पा म्हणतात तसं. तुम्ही हसाल, पण मी मोजायचो. माझ्या हातून इतकी पोरं मेडिकलला गेली. रस्त्यात भेटली तर नमस्कार करायची आणि पुढं जायची. डॉक्टरांची पोरं मात्र नोकरीधंद्याला लागल्यावरही रविवारी येऊन गोठा झाडायची. हेवा वाटणार नाही तर काय होणार?

ती शेवटच्या वर्षाला असताना औशाजवळच्या एका वस्तीवरून निरोप आला. आप्पांची स्कूटर बंद पडलेली. "सर, गाडी काढता का?" मी काढली. पोरगी मागं बसली, आप्पांशेजारी.

गाय आदल्या दिवशी व्यायलेली. मान कुशीला लावून जी बसली होती ती उठेचना. आप्पा हात मागं बांधून उभे. वैशालीनं गाईचे कान धरले, "गार आहेत, आप्पा." अंगातलं कॅल्शियम सगळं दुधात उतरलेलं. तिनं मानेच्या शिरेत सुई घातली, एका हातानं कॅल्शियमची बाटली धरली, दुसऱ्या हातानं गाईच्या छातीवर कानातली नळी. "सावकाश," आप्पा म्हणाले. "घाई केली तर काळीज बंद पडतं. तू काळजाचं ऐक. बाटली आपोआप खाली-वर होती." ती डोळे मिटून ऐकत होती. अर्धा तास. मग गाईच्या अंगावर थरथर आली, तिनं शेण टाकलं, मागचे पाय ताठ केले आणि उभी राहिली.

वस्तीवरची सगळी माणसं हसायला लागली. वैशालीनं मान वळवून आप्पांकडं पाहिलं. त्यांनी फक्त मान हलवली. मी दहा पावलांवर गाडीला टेकून उभा होतो. गाडी माझी होती, पोरगीही माझी होती. एकदा माझ्याकडं बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? परतताना मी गाडी हाकली, मागं ती दोघं गाईबद्दलच बोलत राहिली.

ती पास झाल्यावर मी शेवटचा डाव टाकला. पशुधन अधिकाऱ्याची सरकारी परीक्षा दे, म्हटलं. निदान अधिकारी तरी हो. तिच्या आईनं डोळ्यांना पदर लावला म्हणून ती पुण्याला अभ्यासाला गेली.

त्याच साली आप्पांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं बोबडं झालं. बायको मागंच वारलेली, मुलगा हैदराबादला. तो न्यायला आला तर गेले नाहीत. खाट गोठ्याच्या पडवीत टाकून घेतली. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बसायचो. शेजारधर्म म्हणा. खरं सांगायचं तर आता ते माझ्या एकट्याच्या वाट्याला आले होते. गोठ्यातल्या गड्यालासुद्धा त्यांचं बोलणं उमजेना, मला उमजायला लागलं.

एक दिवस म्हणाले, "सर, वैशूला फोन लावा. येऊन जा म्हणावं दोन दिस. काळी गाय व्यायला आली. वैशूसमोर व्हावं. मला आता लई दिस न्हाईत."

"लावतो," मी म्हणालो.

लावला नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. कारण चांगलं होतं, कुणीही मान्य केलं असतं. पण मला परीक्षेची काळजी नव्हती. त्या पडवीत ती आली की मी पुन्हा दहा पावलं लांब जाणार होतो, म्हणून लावला नाही.

ते रोज विचारायचे, "आली का?"

"परीक्षा आहे तिची."

"हाव, हाव. परीक्षा मोठी." आणि डोळे मिटून घ्यायचे.

काळी व्यायला लागली ती एका दुपारी. गडी कडबा आणायला गेलेला. पाणी फुटून बराच वेळ झाला तरी पुढं काही होईना. एक खूर आणि नाकाचा शेंडा, बस्स. सरकारी दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर लांबच्या गावाला. आप्पांनी खाटेवरून मान उचलून विचारलं, "एकच पाय?"

"एकच."

"दुसरा मागं दुमडलाय. अंगठी काढा, सर. साबण लावा, खांद्यापर्यंत."

"मला येत नाही, डॉक्टर."

"मला येतंय. तुम्ही फकस्त हात द्या."

मी हात घातला. इतकी वर्षं प्रजननाचा धडा शिकवला होता, आत इतकं गरम असतं हे मला ठाऊक नव्हतं. "तोंडात बोट घाला. चोखतंय?" मी घातलं. एका इवल्या जिभेनं माझं बोट ओढून घेतलं. "जित्तं हाय," आप्पा म्हणाले. "आता मागं ढकला. कळ आली की थांबा, गेली की ढकला. गुडघा सापडला? तिथून खाली उतरा. खूर मुठीत झाका, न्हाईतर पिशवी फाटंल." हात बधिर झाला, कळेबरोबर हाड मोडेलसं वाटायचं. मग खूर हाताला लागला.

"आप्पा, सापडला," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आप्पा म्हणालो.

कालवड झाली. काळी तिला चाटत राहिली, मी शेणात बसून राहिलो. आप्पा वाकड्या तोंडानं हसत होते. म्हणाले, "सर, वैशूपेक्षा हात हलका हाय तुमचा."

लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. इतका आनंद, की गडी यायच्या आत हात धुऊन घरी गेलो आणि दार लावून रडलो.

चौथ्या दिवशी पहाटे आप्पा गेले.

वैशाली आली. तिनं काळीच्या गळ्याला हात घातला आणि विचारलं, "मला का नाही बोलावलं त्यांनी?"

"तुझी परीक्षा. त्यांनाच नको वाटलं असेल."

ती कालवडीचं अंग चोळत बसली. माझ्यानं राहवेना, तिला सांगितलं की पाय दुमडलेला होता. तिनं एकदम वर पाहिलं. "मग सोडवली कुणी?"

"औशाकडचा कुणी एक गवळी आला होता. आप्पा सांगत गेले, तो करत गेला."

तिनं कालवडीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मला त्याचा हेवा वाटतो, बाबा. नाव काय त्याचं?"

"विचारायचं राहिलं," मी म्हणालो.

परीक्षेत ती पास झाली, पण नोकरी घेतली नाही. आता औसा-निलंग्याच्या बाजूला दिवसभर गाई तपासत फिरते. जिथं जाईल तिथं त्या गवळ्याची चौकशी करते. त्या दुपारी आप्पा काय काय बोलले ते तिला त्याच्या तोंडून शब्दन्‌शब्द ऐकायचं आहे. रविवारी जेवायला येते तेव्हा सांगते, "बाबा, अजून सापडला नाही." मी तिच्या पानात भाकरी वाढतो.